माझा बिडाचा संग्रह
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



दर महिन्याला आपल्यापैकी एकीने आपल्या छंदाविषयी बोलावे असे मंडळाने ठरवले आणि या महिन्याची पाळी माझ्यावर आली. आतापर्यंत भरतकाम, रांगोळी, गच्चीवरची बाग अशी छान छान भाषणे झाली. माझा छंद ऐकून काहीजणींना हसू येईल. मी लोखंड गोळा करते.

लोखंड म्हणजे भंगार नव्हे. रशियात ओतलेल्या, लिहिण्याच्या टेबलावर ठेवायच्या बिडाच्या वस्तू मी जमवते. दौती, कलमदाने, कागदावर ठेवायची वजने, मेणबत्तीची घरे, राख झाडायच्या थाळ्या आणि वीतभर उंचीचे पुतळे. माझ्याजवळ अशा अकरा वस्तू आहेत. त्यांतल्या चार आज येथे मांडल्या आहेत. सभा संपल्यावर जवळून पाहा. उचलायच्या असल्या तर मात्र खालच्या बैठकीला धरून उचला. घोड्याच्या शेपटीला किंवा पुतळ्याच्या हाताला धरू नका. बीड दिसायला दणकट असते, पण हातून पडले तर वाकत नाही, तुटते.

बीड आपल्याला नवे नाही. धिरड्याचा तवा आणि आप्पेपात्र आपण बिडाचेच वापरतो. लोखंडात शंभराला दोन ते चार भाग कार्बन असला म्हणजे त्याचे बीड होते. पोलाद वितळायला पंधराशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, तर बीड सुमारे बाराशे अंशांवरच पाण्यासारखे पातळ होते आणि साच्यातल्या बारीक रेषेतही शिरते. म्हणून ज्या धातूचा तवा होतो त्याच धातूची पापणीची केसर न् केसर दाखवणारी मूर्तीही होते. फरक धातूत नाही, हातात आहे.

या वस्तू जिथे होतात ते गाव म्हणजे कासली. रशियातील उरल पर्वताच्या पूर्वेला, चेल्याबिन्स्क प्रांतात, तळ्यांच्या काठी हे लहानसे गाव आहे. याकोव कोरोबकोव नावाच्या तुला शहरच्या व्यापाऱ्याने १७४७ साली तेथे लोखंडाचा कारखाना काढला. चार-पाच वर्षांतच तो देमिदोव या बड्या कारखानदार घराण्याकडे गेला. सुरुवातीला तेथे साधे लोखंड, कढया, चुलीची झाकणे अशीच कामे होत. परंतु त्या भागात खनिज चांगले, ओतकामाला लागणारी बारीक वाळू जवळच आणि भोवती अफाट जंगल, त्यामुळे भट्टीला लाकडी कोळसा मिळे. लाकडी कोळशात गंधक जवळजवळ नसते. म्हणून बीड स्वच्छ निघे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कारागीर शोभेच्या वस्तू ओतू लागले. पहिले नमुने बरेचसे जर्मनीतले होते.

जर्मनीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगते, ती आपल्या बायकांचीच आहे. १८१३ साली प्रशियाची नेपोलियनशी लढाई चालू होती. तेव्हा तेथल्या स्त्रियांनी सोन्याचे दागिने देशाला दिले आणि त्यांना बदली बिडाचे दागिने मिळाले. ते काळे दागिने त्या मोठ्या मानाने घालीत. लोखंडाला असा मान मिळालेला मी दुसरीकडे ऐकला नाही.

कासलीला मोठे नाव मिळाले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. सेंट पीटर्सबर्गहून कनायेव आणि पुढे बाख हे शिल्पकार तेथे आले. त्यांनी कामगारांना चित्र काढायला आणि मूर्ती घडवायला शिकवले. प्योत्र क्लोट यांचे घोडे आणि येव्गेनी लान्सेरे यांचे घोडेस्वार येथे ओतले जाऊ लागले. हे लान्सेरे अवघ्या अडतिसाव्या वर्षी, १८८६ साली वारले. त्यांची मुलगी झिनाइदा सेरेब्र्याकोवा ही पुढे रशियाची नावाजलेली चित्रकर्ती झाली.

त्या काळी कचेरीत आणि घरात लिहिण्याच्या टेबलाला फार मान असे. दौत, टाक, टीपकागद, मेणबत्ती यांचा संच टेबलावर मांडलेला असे. श्रीमंतांकडे तो ब्राँझचा. शिक्षक, डॉक्टर, लहान अधिकारी यांना ब्राँझ परवडत नसे, ते बिडाचा घेत. म्हणजे हे पहिल्यापासूनच मध्यम स्थितीतल्या घरांचे वैभव आहे. म्हणूनच मला ते आपले वाटते.

१९०० साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले, त्यात कासलीच्या कारागिरांनी अख्खा मंडप बिडाचा करून नेला. जाळीच्या भिंती, पक्षी, मासे, वेली, सगळे बिडाचे. त्याला प्रदर्शनाचे सर्वांत मोठे पारितोषिक मिळाले. परत आल्यावर तो पेट्यांतच पडून राहिला आणि त्याचे कितीतरी भाग हरवले. पुढे कासलीच्याच कारागिरांनी हरवलेले भाग नव्याने ओतले आणि १९५८ पासून तो मंडप येकातेरिनबर्ग शहरातल्या कलासंग्रहालयात उभा आहे. माझ्या मुलीने मला मोबाईलवर त्याची चित्रे दाखवली. पाहताना लेस विणलेली आहे की लोखंड ओतले आहे हे कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, उरल पर्वत कुठे आणि आपली भिलाई कुठे? पण तुमच्यापैकी ज्यांचे सासरे जुने आहेत त्यांना हे सांगायला नको. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते आपल्या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होती. २००० साली छत्तीसगड झाले. त्या दिवसांत येथे रशियन इंजिनियर, फोरमन, दुभाषे आणि त्यांच्या बायकामुलांची मोठी वस्ती होती. आपली माणसेही शिकायला तिकडे जात. येताजाताना भेटी दिल्या जात. त्या भेटींत लाकडी बाहुल्या असत, सामोवार असत आणि या काळ्या मूर्तीही असत.

माझे सासरे वर्धा जिल्ह्यातून १९६१ साली येथे ओतकामाच्या खात्यात साचे भरायला आले. त्यांच्या हाताखालून शेकडो टन बीड गेले, पण शोभेची वस्तू त्यांनी एकही ओतली नाही. त्यांचे रशियन फोरमन १९६८ साली मायदेशी निघाले. तेव्हा त्या फोरमनच्या बाईने माझ्या सासूबाईंना ही मूर्ती दिली. पाहा, सूत कातत बसलेली म्हातारी आहे. डोक्याला रुमाल, पाठ वाकलेली, बोटांत धागा. सासूबाईंनी घेताना जरा मागेपुढे पाहिले. लोखंड ही शनीची वस्तू, ते फुकट घेऊ नये असे त्यांच्या माहेरचे वळण. त्यांनी त्या बाईच्या हातावर चार आणे ठेवले. बाईला राग आला नाही, ती हसली आणि तिने पैसे मुठीत घट्ट धरले. पुढे आम्हाला कळले की रशियातही कोणी चाकू भेट दिला तर घेणारा नाणे देतो. दोन बायकांना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण रीत दोघींना ठाऊक होती.

या म्हातारीचा कर्ता वासिली तोरोकिन. तो कोणी शाळेत शिकलेला शिल्पकार नव्हता. कासलीच्या कारखान्यातला ओतारी होता. त्याचा जन्म १८४५ चा, म्हणजे १८६१ पर्यंत तेथले कामगार जमिनीबरोबर मालकाच्या ताब्यात असत, त्या काळातला. मोठे शिल्पकार सरदार आणि घोडे करीत होते, आणि याने सूत कातणारी गावची म्हातारी केली. पावेल बाझोव या लेखकाने १९४३ साली या ओताऱ्यावर आणि त्याच्या बिडाच्या आजीवर गोष्ट लिहिली. माझ्या सासूबाई खिडकीत वाती वळत बसत तेव्हा समोर ही म्हातारी असे. त्या तिला ‘माझी जोडीदारीण’ म्हणत.

मूर्ती कशी होते हे मला सासऱ्यांनी समजावले. आधी धातूचा नमुना करतात. त्याच्याभोवती बारीक वाळू ठोकून साचा घेतात. कान, बोटे, घोड्याचे पाय अशा अडचणीच्या ठिकाणी एकसंध साचा निघत नाही, म्हणून वाळूचे लहान लहान तुकडे करून ते मोदकाच्या पाकळ्यांसारखे एकाशेजारी एक बसवतात. मूर्ती जड होऊ नये म्हणून आत पोकळी ठेवतात. मग बीड ओततात. थंड झाल्यावर वाळू झाडली की सांध्यांवर पापुद्रे दिसतात. ते छिन्नी आणि कानशीने काढायचे, केस, कापडाच्या चुण्या पुन्हा उजळायच्या आणि वेगळे ओतलेले भाग स्क्रूने जोडायचे. शेवटी काजळी आणि जवसाचे तेल यांचा काळा रंग अगदी पातळ द्यायचा. नवा तवा तेल देऊन तापवतो तसाच तो भट्टीत पक्का करायचा. त्या रंगाला तकाकी नसते, मखमलीसारखा दबका काळेपणा असतो.

म्हणून पहिली विनंती. घरात अशी वस्तू असली आणि मळकट दिसली तर तिला चकचकीत ऑइलपेंट देऊ नका. चिंचेने किंवा राखेने घासू नका, पाण्यात बुडवू नका. मऊ कोरड्या ब्रशाने धूळ काढावी, वर्षातून एकदा रंग नसलेले मेण अगदी थोडे लावून फडक्याने पुसावे आणि पावसाळ्यात ओलसर भिंतीपासून दूर ठेवावे. एवढे पुरे.

जुने कोणते आणि नवे कोणते, हे ओळखायला मी हळूहळू शिकले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, रशियन अक्षरे कोण शिकवणार? पण कासली हे नाव वाचायला पाचच अक्षरे लागतात. वस्तू उलटी करायची. पहिली दोन अक्षरे इंग्रजीतल्या के आणि ए सारखी. तिसरे सी सारखे दिसते, त्याला ते स म्हणतात. चौथे उलट्या व्ही सारखे, तो ल. पाचवे आरशात पाहिलेल्या एन सारखे, ती इ. झाले कासली. कुसा या त्याच प्रांतातल्या दुसऱ्या गावीही असे काम होते, त्याचे नाव असले तरी वस्तू चांगलीच. सोव्हिएत काळातल्या वस्तूंवर नावाबरोबर सालही बहुधा असते. या डॉन क्विक्झोटच्या पायाखाली पाहा, १९६३ आहे.

त्याहून जुनी खूण म्हणजे एक मुके अक्षर. इंग्रजी लहान बी च्या डोक्याला डावीकडे छोटी शेपटी काढावी तसे ते दिसते. पूर्वी व्यंजनाने संपणाऱ्या प्रत्येक रशियन शब्दाच्या शेवटी ते लिहीत, त्याचा उच्चार नसे. १९१८ च्या लिपी-सुधारणेत ते शब्दाच्या शेवटून काढून टाकले. बैठकीच्या आत ओताऱ्याचे नाव असेल आणि त्याच्या शेवटी हे अक्षर असेल, तर नमुना क्रांतीपूर्वीचा समजावा. तरी एवढ्यावर भुलू नये. जुन्या वस्तूवरून कोणी पुन्हा साचा घेतला तर अक्षरे जशीच्या तशी उतरतात. पण बीड थिजताना शंभराला सुमारे एक भाग आकसते. म्हणून नक्कल मुळापेक्षा थोडी लहान भरते आणि तिचे नाकडोळे बोथट असतात. म्हणून मी टेप जवळ ठेवते.

आता ज्यासाठी मी आज बोलायला उभी राहिले ती गोष्ट सांगते.

आपल्याकडे नोकरी संपली की क्वार्टर सोडावे लागते. चाळीस वर्षांचा संसार आठ दिवसांत आवरायचा असतो. मग कबाडीवाला दारात उभा राहतो आणि लोखंड किलोवर जाते. तीन वर्षांपूर्वी आपल्या टाउनशिपमधल्या एक आजी माझ्याकडे आल्या. यजमान वारले होते, मुलाची नोकरी संपत आली होती, सगळे गावी जाणार होते आणि गावच्या घराचे छप्पर पडायला आले होते. त्यांच्या पिशवीत एक दौत होती. झाडाच्या ओंडक्यावर अस्वल बसले आहे आणि ओंडक्यात शाईची बाटली ठेवायला जागा आहे. आजी म्हणाल्या, “कबाडी चाळीस रुपये देतो म्हणतो. तू लोखंड घेतेस म्हणे. तू पन्नास दे.”

मी ती उलटी केली. आत ओताऱ्याचे नाव होते आणि नावाच्या शेवटी ते मुके अक्षर. अस्वलाच्या अंगावरचा केस न् केस वेगळा. जोडाचा स्क्रू जुना, हाताने केलेला. माझ्या अकरा वस्तूंत क्रांतीपूर्वीची एकही नाही. पन्नास रुपये माझ्या डब्यात होते.

संग्रह करणारे पुष्कळ लोक म्हणतात की ज्ञान हेच आमचे भांडवल. आम्ही वर्षानुवर्षे अभ्यास करतो, त्याचे फळ म्हणजे स्वस्तात मिळालेली वस्तू. विकणारा आपणहून किंमत सांगतो, आम्ही त्याला फसवत नाही. बाजारात दोन व्यापारी समोरासमोर बसले असतील तर हे चालत असेल. पण आपल्यातली एखादी बाई अडचणीत असताना पितळ समजून पाटल्या विकायला आली आणि आपल्याला दिसले की त्या सोन्याच्या आहेत, तर आपण गप्प बसून पितळेचा भाव देऊ का? मग लोखंडाच्या बाबतीत वेगळा न्याय कशाला?

मी आजींना सांगितले की ही शंभर वर्षांहून जुनी असावी, पन्नासला देऊ नका, आणि जी किंमत येईल ती मला परवडणार नाही. माझ्या मुलीने फोटो काढले, बैठकीचे, अक्षरांचे, मोजमापाचे. दोन जाणकारांना ते पाठवले. एकाने जास्त भाव सांगितला, त्याला आजींनी दौत दिली. आलेले पैसे त्यांच्या सहा महिन्यांच्या पेन्शनहून अधिक होते. घरात मला विचारले गेले की यात तुला काय मिळाले? माझ्या वहीत त्या अक्षरांचा पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा आहे. अस्वल मात्र नाही, आणि ते मला अजून आठवते, हेही खरे सांगते.

असे वागून संग्रह वाढायचा कसा, असे कोणी विचारील. माझा हिशेब सांगते. अकरांपैकी तीन घरच्या. पाच मी विकत घेतल्या, प्रत्येक वेळी वस्तू काय आहे ते विकणारीला आधी सांगून आणि मग भाव ठरवून. उरलेल्या तीन मला भेट मिळाल्या. त्यांतली एक त्याच आजींच्या शेजारणीने दिली, हा पानाच्या आकाराचा राखेचा ट्रे. आमच्याकडे कोणी विडी ओढत नाही, त्यात मी सुया आणि बटणे ठेवते. ती म्हणाली, “तुझ्याकडे राहिला तर कोणाचा होता ते तरी लिहिलेले राहील.”

ते मी लिहिते. प्रत्येक वस्तूला वहीचे एक पान. कोणाच्या घरची, त्या घरात कोणाकडून आली, कोणत्या साली, घरातला माणूस कारखान्यात काय काम करीत होता, उंची किती, खाली काय लिहिले आहे. ही वही नसती तर माझ्याकडे नुसत्या अकरा काळ्या वस्तू असत्या. वहीमुळे त्या अकरा घरांच्या आठवणी झाल्या आहेत. रशियन माणसे केव्हाच परत गेली, १९९१ साली त्यांचा सोव्हिएत संघही राहिला नाही. आपल्या जुन्या पिढीतलेही एकेक जण जात आहे. कोणी कोणाला काय दिले आणि का दिले, हे आज नाही विचारले तर उद्या सांगणारे उरणार नाही.

म्हणून माझी दुसरी विनंती. घर आवरताना कबाडीवाल्याच्या काट्यावर चढण्याआधी प्रत्येक काळी वस्तू एकदा उलटी करून पाहा. खाली ती पाच अक्षरे दिसली तर माझ्याकडे घेऊन या. मी विकत घेईनच असे नाही. पण ती काय आहे, किती जुनी आहे, हे मला कळते तेवढे खरे सांगेन, आणि तुम्ही ठेवा, विका किंवा मुलीला द्या, वहीत तिचे पान मात्र करून घेईन.